कारभार आणि आर्थिक वाढ: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकसनशील देशांचा कारभार आणि त्यांची आर्थिक वाढ असा विषय निघाला की गोव्यात चर्चा दुसऱ्या वाक्याला खाणींवर येते आणि तिसऱ्याला जमिनीवर. त्यात गैर काही नाही. जगभरचे अर्थतज्ज्ञ ज्यावर वाद घालतात त्यातले बरेचसे डिचोली ते सांगे या पट्ट्यात उघड्या डोळ्यांनी बघता येते. वाचनालयातल्या बैठकांत, कॉलेजच्या कट्ट्यावर आणि लग्नाच्या पंगतीत जे प्रश्न हमखास येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत जिथे माझे मत आहे तिथे ते मत म्हणूनच सांगितले आहे.

कारभाराचा दर्जा मोजतात तरी कसा?

जागतिक बँक दोनशेहून अधिक देश-प्रदेशांसाठी १९९६ पासूनची आकडेवारी देते. कसोट्या सहा: लोकांना बोलता येते का आणि सरकारला जाब विचारता येतो का, राजकीय स्थैर्य, प्रशासनाची कार्यक्षमता, नियमनाचा दर्जा, कायद्याचे राज्य आणि भ्रष्टाचारावरचा ताबा. यातले बहुतेक आकडे जाणकारांची मते, उद्योजकांची पाहणी, लोकांचे अनुभव यांतून तयार होतात. म्हणून एखादा देश चार घरे वर सरकला की लगेच ढोल वाजवू नयेत.

मी स्वतः तीन साधे प्रश्न विचारतो. करार मोडणाऱ्याला कोर्ट वेळेत वठणीवर आणते का? हात ओले न करता फाईल हलते का? आणि आजचा नियम उद्या तोच राहील याची खात्री आहे का? पहिल्या दोहोंवर सगळे बोलतात. तिसऱ्यावर कमी बोलले जाते, आणि माझ्या मते वाढ टिकते की नाही हे तिथेच ठरते.

याने वाढीत खरोखर किती फरक पडतो?

वर्षाला ७ टक्के वाढ असेल तर उत्पन्न सुमारे १० वर्षांत दुप्पट होते. २ टक्के असेल तर ३५ वर्षे लागतात. एका पिढीत किती अंतर पडते ते यावरून समजावे. १९५०च्या दशकाच्या शेवटी घाना आणि दक्षिण कोरिया यांचे दरडोई उत्पन्न एकमेकांच्या जवळपास होते, आज ते एका वाक्यात घेता येत नाहीत. १९४५ मध्ये कोरियाची फाळणी झाली तेव्हा दोन्ही बाजूंना भाषा तीच होती, माणसे तीच होती, आणि कारखानदारी तर उत्तरेकडे जास्त होती.

भ्रष्टाचाराबद्दल अर्थतज्ज्ञ पाओलो माउरो यांनी १९९५ मध्ये अनेक देशांचे आकडे मांडून दाखवले की जिथे तो जास्त तिथे गुंतवणूक कमी, आणि गुंतवणूक कमी म्हणून वाढ कमी. नंतरच्या अभ्यासांत या संबंधाची तीव्रता कमी-जास्त झाली, दिशा सहसा तीच राहिली.

आधी चांगला कारभार की आधी पैसा? श्रीमंत देशांना चांगला कारभार परवडतो, एवढेच नसेल?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. तो विचारणाऱ्याला मी आधी चहा पाजतो.

अ‍ॅसेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन या तिघांना २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते मुख्यतः याच कामासाठी. २००१ च्या त्यांच्या शोधनिबंधातली कल्पना अशी: युरोपियन लोक ज्या वसाहतींत रोगराईने पटापट मेले तिथे ते वस्तीला राहिले नाहीत. फक्त ओरबाडून नेण्यापुरती यंत्रणा त्यांनी उभी केली. जिथे तग धरता आला तिथे स्वतःसाठी कोर्ट-कचेऱ्या, मालमत्तेचे हक्क, सरकारवर वचक ठेवणाऱ्या सभा आणल्या. पुढे वसाहती गेल्या तरी यंत्रणा मागे उरल्या, आणि आजच्या उत्पन्नातला बराच फरक त्या यंत्रणांनी समजावता येतो. जुने गोवे साथींनी ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली, हे आठवले की हा निबंध गोवेकराला जरा घरचाच वाटतो.

आक्षेपही तगडे आहेत. काहींनी मृत्युदराच्या जुन्या आकड्यांवरच बोट ठेवले. ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये म्हटले की युरोपियनांनी सोबत शिक्षण आणि कौशल्येही नेली होती. मग फरक यंत्रणेचा की शिकलेल्या माणसांचा? शिवाय अनेक गरीब देशांत आधी हुकूमशहांच्या धोरणांनी वाढ झाली आणि संस्था मागाहून सुधारल्या, असेही त्यांनी दाखवले.

मला दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या पटतात. पैसा आणि कारभार एकमेकांना ओढतात. मात्र नुसता पैसा आला म्हणून कारभार आपोआप सुधारत नाही. तेल सापडल्यानंतरचा नायजेरिया बघा.

मग चीन आणि बांगलादेश कसे वाढले?

१९७८ नंतर चीनने तीन दशके वर्षाला सरासरी ९-१० टक्क्यांच्या घरात वाढ केली, आणि त्या काळात तिथे भ्रष्टाचार नव्हता असे चिनी सरकारही म्हणत नाही. बांगलादेशने कपड्यांच्या कारखान्यांवर झेप घेतली, तीही कारभाराच्या यादीत तळाशी राहून. ही उदाहरणे देऊन ‘कारभाराचे काही खरे नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. वाढ सुरू होणे एक आणि वाढ टिकणे दुसरे. हाउसमन, प्रिचेट आणि रॉड्रिक यांनी २००५ मध्ये १९५०च्या दशकापासूनच्या ऐंशीहून अधिक वाढीच्या उसळ्या तपासल्या. बहुतेक उसळ्यांच्या आधी कुठलीही मोठी सुधारणा झालेली नव्हती. कधी एक अडथळा दूर झाला, कधी बाजारभाव वधारले, कधी नशीब. पण उसळी कायम ठेवणे फार थोड्यांना जमले. सुरुवात करायला एखादी खिडकी उघडली तरी चालते. पुढची २०-३० वर्षे चालायचे तर घराला पाया लागतो.

चीनमध्ये स्थानिक अधिकाऱ्याची बढती त्याच्या भागातल्या वाढीवर ठरत असे, त्यामुळे खाणारा अधिकारीही कारखाना बंद पडू देत नव्हता. ही एक प्रकारची जबाबदारीच, लोकांपुढची नसली तरी. बांगलादेशात सरकारने कापड उद्योगाच्या वाटेत निदान मोडता घातला नाही. पण २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेवर माणसे मेली. परवानगीशिवाय चढवलेले मजले होते आणि आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. इमारत तपासणे हे कारभाराचेच काम. आणि २०२४ मध्ये तिथले सरकार गडगडले त्याची ठिणगी सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून पडली. कारखाने वाढत असताना तरुण सरकारी नोकरीसाठी रस्त्यावर का उतरले, याकडे पुढे येऊ.

गोव्यातल्या खाणी न्यायालयाने बंद केल्या. मग कारभाराचा दोष कसा?

प्रश्न विचारणारा बहुधा ट्रकमालकाच्या घरातला असतो आणि त्याचा राग खरा असतो. म्हणून याचे उत्तर सविस्तर.

पोर्तुगीज काळात दिलेल्या खाण सवलतींचे १९८७ च्या कायद्याने लीजमध्ये रूपांतर झाले. २००० नंतर चीनची भूक वाढली आणि गोव्यातल्या कमी प्रतीच्या खनिजालाही भाव आला. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास लोहखनिज बाहेर जात होते. राज्याचे उत्पन्न वाढले, बँकांनी ट्रक आणि बार्ज (नदीतून खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी) यांसाठी कर्जे वाटली, रस्त्याच्या कडेला गॅरेजे, टायरची दुकाने, खाणावळी उभ्या राहिल्या. उसगाव-कुडचडे भागात त्या दिवसांत लाल धुळीने माखलेली आंब्याची झाडे आणि सकाळपासून लागलेली ट्रकांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना ‘वाढ’ म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

तपासणी मात्र होत नव्हती. लीजची हद्द कुठे, पर्यावरण दाखला किती टनांचा आणि काढले किती, रॉयल्टी भरली की नाही, हे बघणारी खाती जागच्या जागी होती. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात बेकायदा खाणकामाने झालेल्या नुकसानीचा अंदाज सुमारे ३५,००० कोटी रुपये होता. आकड्यावर वाद झाला. तो बाजूला ठेवला तरी वर्षानुवर्षे कुणी मोजमाप केले नव्हते हे उरतेच. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली.

एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी उठवली. पण सगळ्या लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती असे सांगितले, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला लावली. आता खरी परीक्षा होती. नव्याने, पारदर्शकपणे लीज देण्याची संधी होती. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी आला, आणि नोव्हेंबर २०१४ पासून त्या दिवसापर्यंत राज्याने जुन्याच ८८ लीजांचे नूतनीकरण उरकले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घाई नमूद करून सगळी नूतनीकरणे रद्द केली. १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद. लिलाव शेवटी २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाले. २०१५ मध्येच ते केले असते तर?

ट्रकमालकाने कर्ज घेतले ते खाण चालू राहील या भरवशावर. ज्या कागदाच्या जोरावर खाण चालू होती तो कागद कच्चा होता, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. त्याला दिलेली सरकारी मदत, कर्जसवलत हा त्याच कच्च्या कागदाचा खर्च, जो पुढे सगळ्या करदात्यांनी भरला. बेशिस्त कारभार तेजीत कुणाला टोचत नाही. उलट तो सोयीचा वाटतो, मोजमाप नाही म्हणून ट्रकाच्या खेपा वाढतात. फटका बसतो तो नंतर, आणि बहुधा ज्याने ठरवले त्याला बसत नाही.

बोत्सवानाचे उदाहरण सगळे देतात. त्यांनी वेगळे काय केले?

१९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. त्याच सुमारास कायदा करून खनिजांचे हक्क टोळ्यांकडून काढून देशाच्या नावे केले गेले. अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या टोळीच्या भूमीत मोठे साठे होते, तरीही. हिरे कंपनीत सरकारचा वाटा पुढे निम्म्यावर नेला आणि १९९४ मध्ये शिलकीसाठी पुला निधी सुरू केला. पुढची काही दशके वाढीचा वेग जगातल्या सर्वात वरच्या देशांत होता.

आरती ओवाळायची गरज नाही. हिऱ्यांपलीकडे अर्थव्यवस्था फारशी गेली नाही, बेकारी आहे, आणि हिऱ्यांची मागणी पडल्यावर २०२४ मध्ये उत्पादन घटले. त्याच वर्षी स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला आणि काही गडबड न होता पायउतार झाला. हे शेवटचे मला हिऱ्यांपेक्षा मौल्यवान वाटते.

थोडे पैसे दिले की काम लवकर होते. त्यात देशाचे काय बिघडते?

हा युक्तिवाद विद्वानांनीही १९६०च्या दशकात केला होता: नियम जाचक असतील तर लाच म्हणजे चाकाला वंगण. नंतर पाहणी झाली तेव्हा निघाले उलटेच. ज्या कंपन्या जास्त लाच देत होत्या त्यांचाच अधिकाऱ्यांशी घासाघीस करण्यात जास्त वेळ जात होता. कारण सोपे आहे. देणारा गिऱ्हाईक आहे हे एकदा कळले की अडवणूक वाढते.

दुसरा पुरावा दिल्लीतला, २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासातला. वाहन परवाना काढणाऱ्यांचे गट केले. एका गटाला लवकर परवाना काढल्यास बक्षीस, दुसऱ्याला मोफत गाडी शिकवणी. बक्षीसवाल्यांनी एजंट गाठले, त्यांतल्या बहुतेकांनी गाडी चालवण्याची परीक्षाच दिली नाही, आणि संशोधकांनी अचानक स्वतंत्र चाचणी घेतली तेव्हा त्यांतले बरेच नापास झाले. उलट ज्यांना नीट गाडी येत होती त्यांनाही सरळ मार्गाने गेल्यास खेटे घालावे लागत होते. म्हणजे जाचक नियम चुकवला गेला नाही, चुकवला गेला तो नेमका कामाचा नियम. पैसे लवकर काम होण्याचे नव्हते, परीक्षा टाळण्याचे होते.

जमिनीच्या कागदांचा आणि वाढीचा संबंध एवढा मोठा का मानतात?

गोव्यात हे दोन पद्धतींनी दिसते.

एक, मुंडकाराचे घर. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या, म्हणजे भाटकाराच्या, जमिनीत घर करून राहणारा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्याला हुसकावता येत नाही, आणि पंचायत भागात ३०० व पालिका भागात २०० चौरस मीटरपर्यंत जागेसह घर विकत घेता येते. कायदा चांगला. पण मामलेदारांपुढची प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात. तारीख, पुढची तारीख, अधिकाऱ्याची बदली, पुन्हा पहिल्यापासून. मधल्या काळात शाकारणीपलीकडे घराला हात लावायचा तर ना-हरकत दाखला कुणाचा, हा प्रश्न. बँक कर्ज देत नाही, कारण एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा) नाव दुसऱ्याचे. आमच्या वाड्यावर असे एक घर आहे. तीन भाऊ मोठे झाले, मिळवते झाले, पण मागची मातीची भिंत अजून निळ्या ताडपत्रीखाली आहे. पैसे आहेत, सुतार-गवंडी आहेत, कागद नाही.

पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांदो दे सोतो यांनी १९८०च्या दशकात लिमामध्ये एक लहान शिवणकाम कारखाना कायदेशीरपणे नोंदवून पाहिला. त्याला २८९ दिवस लागले. गरिबांकडे मालमत्ता असते पण कागद नसतो म्हणून ती मेलेले भांडवल ठरते, असे त्यांचे म्हणणे. पुढे ब्युनोस आयर्सच्या एका वस्तीत काहींना मालकी मिळाली आणि काहींना कोर्टकज्ज्यामुळे मिळाली नाही, त्यांची तुलना झाली. मालकी मिळालेल्यांनी घरे चांगली बांधली, मुलांना जास्त शिकवले. कर्ज मात्र फारसे वाढले नाही. म्हणजे दे सोतो यांचे अर्धे खरे ठरले. माझ्यासाठी ते अर्धेही पुरेसे आहे.

दुसरी पद्धत उलटी: कागद आहे पण तो कुणीतरी बनवला. परदेशी असलेल्या किंवा हयात नसलेल्या मालकांच्या जमिनी बनावट जुन्या दस्तांवर लाटल्याची प्रकरणे इतकी झाली की २०२२ मध्ये विशेष तपास पथक आणि नंतर निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमावा लागला. याचा थेट परिणाम असा की प्रामाणिक खरेदीदारही आता वकिलाकडून चार पिढ्यांचा शोध घेतल्याशिवाय इसार देत नाही. तो वेळ, ती फी, तो संशय, हे सगळे वाढीच्या खात्यातून वजा होते. आकडेवारीत कुठे दिसत नाही.

गोव्यात प्रत्येक प्रकल्पाला विरोध होतो. मग वाढीच्या आड लोकच येतात ना?

केरी-फोंड्याचा नायलॉन ६,६ प्रकल्प १९९५ मध्ये गेला. जमीन-वापराचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ हा आंदोलनानंतर २००७ च्या जानेवारीत रद्द झाला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी विशेष आर्थिक क्षेत्रांवर पाणी सोडण्याची घोषणा झाली. २०२१ मध्ये शेळ-मेळावलीतून आयआयटी हलवावी लागली. यादी मोठी आहे आणि बाहेरचा गुंतवणूकदार ती वाचून कपाळाला हात लावतो.

पण क्रम बघा. निर्णय बंद खोलीत, जमीन आधी दिलेली, लोकांना कळते ते बुलडोझर दिसल्यावर. मग मोर्चा, लाठीमार, आणि निवडणूक जवळ असेल तर माघार. मेळावलीत तर लोक पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीची मालकी कागदावर सरकारची, हा जुना गुंता आधी सोडवलाच नव्हता. अशा व्यवहारात तोटा दोन्हीकडून. गावाचा विश्वास जातो आणि सरकारने दिलेली परवानगी टिकेलच असे उद्योजक म्हणू शकत नाही. गंमत अशी की सुरुवातीची सुनावणी, हरकती-सूचना यांत वाया जाणारे सहा महिने टाळायला म्हणून ही घाई केली जाते.

दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वरच्या राज्यांत आहे. तरी पोरांना सरकारी नोकरीच का हवी?

पगार, निवृत्तीची शाश्वती, लग्नाच्या बाजारातले वजन. यात गोव्यातल्या काय, बांगलादेशातल्या काय, पोरांचे काही चुकत नाही, ती जे दिसते त्याचा हिशेब करतात. मर्फी, श्लायफर आणि विश्नी यांनी १९९१ मध्ये हेच मांडले: हुशार माणसे जिथे मोबदला जास्त तिथे जातात. उद्योग काढण्यापेक्षा परवाना देणाऱ्या खुर्चीत बसणे फायद्याचे असेल तर गावातली हुशारी खुर्चीकडे वळते आणि उद्योग दुय्यम लोकांकडे राहतात.

२०२४ मध्ये गोव्यात ‘सरकारी नोकरी लावून देतो’ म्हणून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी एकामागून एक पुढे आल्या, अटका झाल्या. फसवणारे पकडले गेले, ठीक. पण एवढी रक्कम द्यायला घरेच्या घरे तयार कशी झाली? दागिने मोडून, जमीन विकून दिलेला तो पैसा एखाद्या धंद्यात गेला असता. भरती वशिल्याने होते ही समजूत खोटी असती तर हा बाजार चाललाच नसता. कर्मचारी निवड आयोगामार्फत संगणकावर परीक्षा घेण्याची पद्धत आली आहे, ती नेटाने चालली तर समजूत बदलायला काही वर्षे लागतील.

सिंगापूरसारखा एक कडक माणूस पाहिजे, बाकी सगळे सुधारेल. खरे ना?

ली क्वान यू एकच झाले. मोबुटू यांनी १९६५ ते १९९७ झैर (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) या देशावर कडकच राज्य केले. अ‍ॅसेमोग्लू आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार लोकशाहीकडे वळलेल्या देशांचे दरडोई उत्पन्न पुढच्या २५ वर्षांत, ते वळले नसते तर असते त्यापेक्षा, सुमारे २० टक्क्यांनी जास्त झाले. आणि एकट्याच्या लहरीचा ताजा मासला हवा असेल तर श्रीलंका. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका झटक्यात बंदी, भात आणि चहा दोन्ही झोपले, काही महिन्यांत निर्णय मागे. त्याआधी कर कापून तिजोरी रिकामी झालीच होती. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले.

सगळे ऑनलाईन केले की भ्रष्टाचार संपेल का?

एक-चौदाचा उतारा घरबसल्या मिळतो, त्यासाठी कुणाला चहापाणी द्यावे लागत नाही. हा फायदा खरा. पण शेतजमीन वसाहतीसाठी बदलून द्यायची की नाही हे संगणक ठरवत नाही. जिथे अधिकाऱ्याच्या किंवा मंत्र्याच्या मर्जीला वाव आहे तिथे अर्ज फक्त ऑनलाईन जातो, मर्जी ऑफलाईनच राहते.

जागतिक क्रमवारींवर विश्वास ठेवावा का?

हातचे राखून. उद्योगसुलभतेची गाजलेली क्रमवारी जागतिक बँकेने २०२१ मध्ये आकड्यांतल्या गडबडी उघड झाल्यावर कायमची बंद केली. तोवर कितीतरी देशांनी गुण वाढवण्यापुरते नियम बदलले होते.

लेखापरीक्षण महत्त्वाचे की लोकसहभाग?

इंडोनेशियात बेंजामिन ओल्कन यांनी सहाशेहून अधिक गावांत रस्त्यांच्या कामावर प्रयोग केला. अभियंत्यांनी तयार रस्ता ठिकठिकाणी खोदून आत खडी-वाळू किती आहे ते मोजले आणि बिलाशी ताडून पाहिले. काही गावांना आधीच सांगितले की तुमचे लेखापरीक्षण नक्की होणार. तिथे गायब होणारा खर्च सुमारे ८ टक्के अंकांनी घटला. ग्रामसभेला जास्त लोक बोलावण्याचा परिणाम एकूण खर्चावर नगण्य. मजुरीतली चोरी घटली, सामानातली नाही. मजुरी आपल्या खिशातली, ती कळते. खडी किती पडली हे गावकऱ्याला कसे कळणार?

युगांडाचा अनुभव जरा वेगळा. १९९१ ते ९५ मध्ये शाळांसाठी दिलेल्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचत होते. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत ८० टक्क्यांहून अधिक पोचू लागले. त्यात इतर सुधारणांचाही हात होता असे नंतर काहींनी म्हटले. तरी आकडा हातात असलेला पालक आणि नसलेला पालक यांच्या आवाजात फरक पडतोच.

गोव्यातल्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत, हा धडा आधीपासून गिरवलेला आहे. बांधाच्या तोंडाशी मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी झडप, असते. भरतीला तिचे दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते, म्हणून खारे पाणी शेतात येत नाही. गावकरी पद्धतीत, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेत, बांधाची देखभाल ज्यांची शेती त्यांच्याकडेच होती. पुढे ती कुळांच्या संघटनांकडे आली, मासळीसाठी मानशीची पावणी (लिलाव) होऊ लागली आणि तो पैसा बांधावर खर्च व्हावा असे ठरले. पावणी घेणाऱ्याला मासे आणि सुंगटे (कोळंबी) हवीत, म्हणजे पाणी आत हवे. शेतकऱ्याला पाणी बाहेर हवे. जिथे संघटनेचा जमाखर्च दरवर्षी सभेपुढे येतो तिथे बांध टिकतो. जिथे तो कुणी मागत नाही तिथे पैसा मुरतो, दार उघडे राहते आणि कोरगुटाच्या (खाजनातल्या भाताच्या) शेतात खार चढतो. एकदा खार चढलेले शेत पडीक पडायला वेळ लागत नाही, आणि पडीक शेत बांधकामासाठी मागायला माणसे तयारच असतात.

सामान्य माणसाने काय विचारायचे, आणि कुठे?

‘भ्रष्टाचार थांबवा’ असे ग्रामसभेत ओरडून इतिवृत्तात एक ओळ येते. नेमका कागद मागितला की बदल दिसतो. गोव्याने माहिती हक्काचा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता, देशाचा २००५ मध्ये आला. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, न मिळाल्यास त्याच खात्यात पहिले अपील, मग राज्य माहिती आयोग.

रस्ता झाला असेल तर कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम बिल, या तिन्हींच्या प्रती मागा. मोजमाप पुस्तिकेत डांबराचा थर किती मिलिमीटर लिहिला आहे ते पाहा. बांधकाम परवाना असेल तर नगरनियोजन खात्याचा दाखला आणि त्यासोबतचा नकाशा. खाजन असेल तर मागच्या तीन पावण्यांची रक्कम आणि बांधावर झालेला खर्च. ‘कारवाई केली का’, ‘का केली नाही’ असले प्रश्न अर्जात घालू नका. माहिती अधिकारी ‘खुलासा मागता येत नाही’ म्हणून अर्ज परत करतो आणि त्याचे म्हणणे कायद्याला धरून असते. नोंद मागा, प्रत मागा, तारीख मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.